भाजलेल्या लेकराची पट्टी

आमचे कामठा हे गोंदियाजवळचे, जुन्या जमीनदारीचे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये तलाव आणि बोड्या. मी तिथल्या शाळेवर होतो त्या काळी दिवाळी सरून धान घरात आले, की अंगणाअंगणात मोठमोठे गंज चुलीवर चढत. उसन्या तांदळासाठी धान उकडायचे, न्हाणीचे पाणी तापवायचे, पहाटे थंडी पडली की शेकोटी करायची. आणि या साऱ्या आगीच्या नि आधणाच्या मधून घरातली पोरे शिवाशिवी खेळत पळायची. दर हिवाळ्यात एकदोन नावे हजेरीत बरेच दिवस गैरहजर राहत. कारण विचारले की उत्तर ठरलेले, "भाजला जी."

अशीच चौथीतली एक मुलगी. उकळत्या पाण्याचा गंज कलंडून तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत आणि एक मांडी भाजली. तिला शहरातल्या एका दवाखान्यात एक दिवसाआड पट्टीला न्यावे लागे. बाप मजुरीला परगावी. माय मला म्हणाली, "गुरुजी, तुमी संगं असाल त डाक्टर नीट बोलन." म्हणून मी गेलो.

दोन दिवसांत जखमेतली लस वाळून कापड कातडीशी एकजीव झाले होते. पट्टी करणाऱ्या माणसाने एक टोक धरले आणि ओढले. "माय वो!" अशी किंकाळी त्या खोलीत उठली की मी आजही ती ऐकतो. मायने पाय धरले होते, मी खांदे धरले होते. हो, मीही धरले होते. "रडू द्या, रडल्यानं छाती मोकळी होते," असे कुणीतरी म्हणाले, आणि मी शहाण्यासारखी मान डोलावली. पुढच्या पट्टीच्या दिवशी मुलगी घरात नव्हती. शोधता शोधता ती तणसाच्या ढिगामागे सापडली, अंग चोरून बसलेली.

ती आगीला भीत नव्हती, पट्टीला भीत होती. भाजण्याची वेदना एकदाची. पट्टीची वेदना दर दोन दिवसांनी, ठरल्या वेळी, माहीत असून. आणि ज्या मुलाला पट्टीची धास्ती बसते त्याचे आईबाप हळूहळू दवाखानाच सोडतात. मग जखम चिघळते, कातडी आखडते, बोटे तळव्याला चिकटतात, कोपर सरळ होत नाही. पाटी धरणारा हात जन्माचा वाकडा होतो. म्हणून या पट्टीला इतिहास आहे, आणि तो जाणून घेण्याजोगा आहे, असे मला वाटते.

आधी एवढे समजून घेऊ, की दुखते का. आपल्या कातडीच्या आत वेदना पोचवणाऱ्या नसांची टोके पसरलेली असतात. वरवर भाजले, की वरचे आवरण जाते आणि ती टोके उघडी पडतात. वाऱ्याची झुळूकदेखील सहन होत नाही. फार खोल भाजले तर ती टोकेच जळून जातात. तिथे टोचलेलेही कळत नाही, पण त्याच्या कडेकडेचा भाग मात्र आग ओकत असतो. जखम भरू लागली की तिच्यावर नव्या पेशींचा पापुद्रा धरतो, सायीसारखा. कोरडे कापड त्या सायीत रुतून बसते. ते ओढले की साय निघते, रक्त येते आणि दोन दिवसांत निसर्गाने केलेले काम एका हिसक्यात वाया जाते. म्हणजे ओढून काढलेली पट्टी नुसती दुखवत नाही, जखमेलाही मागे नेते.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. त्यात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. अतिदग्धाला, म्हणजे खोल भाजलेल्याला, काय करावे? लोंबणारे मांस काढावे, थंड उपचार करावेत, साळीच्या तांदळाची भुकटी किंवा तेंदूच्या सालीचा काढा तुपात कालवून लावावा, आणि मग जखम झाकावी ती गुळवेलीच्या पानांनी किंवा पाण्यात उगवणाऱ्या वनस्पतींच्या पानांनी. तांदूळ, तेंदू आणि तलावातली पाने! जणू आमच्या गोंदियाकडचाच कुणी वैद्य सांगतो आहे. पण हे ऐकून कुणी उद्या बोडीतले पान तोडून मुलाच्या जखमेवर ठेवू नये. त्या पाण्यात आणि त्या पानावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, आणि भाजलेल्या माणसाला आगीपेक्षा जंतूच जास्त वेळा मारतात. मला लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याकडे, की जखमेवर टेकणारी वस्तू गुळगुळीत असावी, कापडासारखी रुतणारी नसावी, हा विचार फार जुना आहे.

मध्ये पुष्कळ शतके गेली. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन शहरी ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली; १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. त्याच वर्षी ईथर कलकत्त्यालाही पोचले. क्लोरोफॉर्म कितपत धोक्याचे, याचा तपास करायला १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशाने हैदराबादेत दोन आयोग बसले, इतकी त्याची चर्चा आपल्याकडे झाली. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची किंकाळी थांबली. पण पट्टीच्या खोलीतली थांबली नाही. असे का झाले असावे? माझा तर्क असा, की शस्त्रक्रिया मोठा डॉक्टर करतो आणि एकदाच करतो. पट्टी दवाखान्यातला सर्वांत लहान माणूस करतो, आणि रोज करतो. रोजच्या दुःखाकडे शोधकांचे लक्ष उशिरा जाते.

पहिल्या महायुद्धात एका वेगळ्याच क्षेत्रातल्या माणसाने इकडे लक्ष दिले. ज्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, त्यांतला थोरला ऑगस्त. सिनेमा काढणारा हा मनुष्य पुढे वैद्यकीय संशोधनात रमला. विरळ विणीचे जाळीदार कापड चरबीत भिजवून ते जखमेवर ठेवायचे, म्हणजे वरचे कापड चिकटत नाही, अशी युक्ती त्याने काढली. आज आपल्या दवाखान्यांत व्हॅसलिनची जाळी म्हणून जे मिळते, ते त्याच घराण्यातले. त्यातही एक खोट राहिलीच. दिवस गेले की जाळी कोरडी पडते आणि तिच्या छिद्रांतून नवे मांस वर येते. ती काढताना पुन्हा दुखते.

१९२५ साली डेट्रॉइटच्या डेव्हिडसन यांनी दुसराच मार्ग सांगितला. चामडे कमावताना साल-हिरड्यांतले जे तुरट द्रव्य वापरतात, त्या टॅनिक आम्लाचा थर जखमेवर द्यायचा. त्याची कडक खपली धरते आणि पट्टीच बदलावी लागत नाही. जगभर हा उपाय पसरला. दुसऱ्या महायुद्धात जळत्या विमानांतून सुटलेल्या वैमानिकांना तो केला, तेव्हा त्याचे दोष दिसले: बोटे आखडून जात, आणि ते द्रव्य यकृतालाही बाधे. इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेड येथे आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचे शल्यचिकित्सक होते. जे वैमानिक समुद्रात पडले त्यांच्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांपेक्षा बऱ्या असतात, हे त्यांनी पाहिले आणि कोमट मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली. रुग्णाला पट्टीसकट पाण्यात बसवायचे. कापड आपोआप सुटून तरंगत वर येते. किती साधी गोष्ट! कामठ्याच्या त्या मुलीने पुढे मला जे सांगितले तेच हे. पण त्याकडे नंतर येतो.

१९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा यांच्या संयुगाचे पांढरे मलम दिले. आज तालुक्याच्या दवाखान्यातही ते असते. त्याने जंतू आवरले, असंख्य जीव वाचले. पण हे मलम वारंवार, बहुधा रोज, धुऊन काढावे लागते आणि नव्याने लावावे लागते. म्हणजे जंतूंवर विजय मिळाला, आणि मुलाच्या वाट्याला रोजची घासणी आली. शास्त्राच्या प्रगतीचा हिशेब मांडताना ही दुसरी बाजू सहसा कुणी लिहीत नाही.

आता मुलांविषयी. 'लहान लेकराला काय कळते, ते विसरून जाते,' असे फक्त आपल्याकडची डोकरी माणसेच म्हणत होती असे समजू नका. मोठमोठ्या पाश्चात्त्य इस्पितळांतही नवजात बालकांना नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. हा समज मोडण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते कंवलजीत आनंद इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. इंग्लंडात ऑक्सफर्डला काम करताना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही पुरेशी वेदनाहारक भूल दिली तर त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि ती शस्त्रक्रियेतून अधिक सुखरूप बाहेर पडतात, हे त्यांनी १९८७ साली दाखवून दिले. बाळ बोलत नाही, पण त्याचे रक्त आणि नाडी बोलते.

आणि जे मूल बोलते, त्याला विचारले तरी कुणी होते का? अमेरिकेतील तुल्सा शहराच्या एका इस्पितळात, नेमक्या भाजलेल्या मुलांच्या विभागात, कॉनी बेकर आणि डोना वाँग या दोघी १९८१ च्या सुमारास याच प्रश्नाशी झगडत होत्या. 'एक ते दहा यांत किती दुखते?' असे पाच वर्षांच्या पोराला विचारून काय उपयोग? म्हणून त्यांनी मुलांच्याच हातून चित्रे काढून घेतली आणि सहा चेहऱ्यांची एक ओळ तयार केली. पहिला हसरा, शेवटचा रडका. मुलाने बोट ठेवायचे. शिक्षक बंधुभगिनींनो, ही तर आपली पाटी-पेन्सिलीची विद्या! आज ती ओळ जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर आहे.

याच काळात केटामाइन नावाचे औषध हाताशी आले होते. १९६२ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९७० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचे इंजेक्शन दिले की मूल गुंगते, वेदना जाणवत नाही, पण श्वास बहुतेक वेळा आपला आपण चालू राहतो. म्हणून मोठी यंत्रसामग्री नसलेल्या इस्पितळांतही भाजलेल्या मुलांच्या पट्टीसाठी ते वापरात आले. अर्थात ते जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच. एक गोष्ट आयांनी मात्र पक्की लक्षात ठेवावी. अशा दिवशी डॉक्टर 'उपाशी आणा' म्हणाले तर उपाशीच आणावे. "लेकरू रडंल, थोडं दूध पाजते," असे मायेपोटी केले, तर गुंगीत ते दूध उलटून छातीत जाण्याचा धोका असतो.

अफूपासून निघणाऱ्या मॉर्फिनची कथा निराळी आणि लाजिरवाणी आहे. आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. जगाला आपण कच्चा माल पुरवला. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी जंजाळे उभी केली, की आपल्याच इस्पितळांत मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून ती वाट थोडी मोकळी केली.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती मुंबईची हकिकत, कारण तिच्यातले साहित्य आपल्या स्वयंपाकघरातले आणि परसातले आहे. परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आहे, १९२९ साली सुरू झालेले. तिथे भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे डॉ. मनोहर केसवानी. न चिकटणाऱ्या परदेशी पट्ट्या गरिबांना परवडत नाहीत, आणि कोरड्या कापडाने पोरे हैराण होतात, अशी अडचण. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याची साले घेतली. ती आतल्या बाजूने जखमेकडे येतील अशी कापडाच्या पट्टीवर ओळीने बसवली, पट्टी गुंडाळली, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केली आणि मग वापरली. साल ओलावा धरून ठेवते, जखम सुकू देत नाही आणि तिला चिकटतही नाही. १९८५ साली 'बर्न्स' या इंग्रजी नियतकालिकात ही माहिती आली, आणि पुढे १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यासही प्रसिद्ध झाला. बटाट्याचे साल म्हणजे औषध नव्हे. जंतू मारण्याचे काम मलमाचे. साल हे फक्त चांगले पांघरूण. पण भाजलेल्या अंगाला नेमके तेच हवे असते.

त्यानंतर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान हाती घेतले. पानाची मधली शीर काढून, पान कापडावर चिकटवून, तेही वाफेने निर्जंतुक करायचे. पंगतीत आपण पाहतोच, केळीच्या पानाला भात चिकटत नाही. पानावर मेणासारखा नैसर्गिक थर असतो. तोच गुण इथे कामी आला. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने याच 'बर्न्स' नियतकालिकात निष्कर्ष मांडले. भाजलेल्या तीस रुग्णांत केळीचे पान आणि बटाट्याचे साल यांची तुलना केली, तेव्हा वेदना कमी ठेवण्यात दोन्ही सारखीच उतरली. मात्र पान सालीपेक्षा अकरा पट स्वस्त पडले आणि तयार करायलाही सोपे. कातडीचे रोपण करण्यासाठी जिथून कातडी काढतात, त्या जागेवर व्हॅसलिनच्या जाळीशी तुलना केली, तिथेही पान काढताना रुग्णाला त्रास फारच कमी झाला. पुन्हा सांगतो, परसातले पान तोडून थेट बांधायचे नाही. ते वाफेच्या यंत्रातून गेलेलेच हवे. पण ज्या जिल्हा रुग्णालयात असे यंत्र आहे आणि ज्या गावात केळी आहे, तिथे न चिकटणारी पट्टी महाग पडते असे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

हल्ली कोलॅजेनचे पातळ पापुद्रेही आपल्या देशात बनतात. वरवरच्या भाजण्यावर ते एकदा नीट बसले, की जखम भरेपर्यंत काढावेच लागत नाहीत. आणि परदेशात तर याहून नवल. सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या दऱ्याखोऱ्यांचा एक आभासी खेळ तयार केला. डोळ्यांवर यंत्र चढवायचे आणि पट्टी चालू असताना बर्फाचे गोळे फेकत त्या दरीतून जायचे. मन तिकडे गुंतले की वेदना कमी जाणवते. आमच्याकडे ते यंत्र नसेल; पण आजीची गोष्ट आहे, पाढे आहेत, गाणे आहे. मात्र मन रमवणे हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या ऐवजी नव्हे.

घरच्या माणसांनी काय मागावे, तेही सांगतो. पट्टीच्या आधी अर्धा-पाऊण तास वेदना कमी करणारे औषध द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. पट्टी सुटल्यावर दिलेल्या गोळीचा काय उपयोग? पट्टी भिजवून काढा, असे हात जोडून पण ठामपणे म्हणावे. मुलाला पालथे दाबून धरण्यापेक्षा आईने मांडीवर घ्यावे. 'मुळीच दुखणार नाही' अशी थाप मारू नये. एकदा थाप कळली की मूल पुढे कुणावर विश्वास ठेवीत नाही. आणि मुलाला काही काम द्यावे. भाजलेल्या मुलांना पुढे काय होणार ते आधी सांगितले आणि आपली पट्टी आपल्या हाताने सोडू दिली, तर ती कमी खचतात, असे १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. गुरुजींनी वर्गात एवढे मात्र पाठ करून घ्यावे, की भाजल्याबरोबर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. बर्फ नाही, शाई नाही, दातांची पेस्ट नाही.

आता त्या मुलीकडे येतो. तणसाच्या ढिगामागून ती बाहेर यायला तयार नव्हती. मी खाली बसलो. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "गुरुजी, वल्ली करून काढा ना जी. घरी माय वल्ली करते त निंगते." झाले होते असे, की रात्री पट्टीचा एक कोपरा टोचत होता म्हणून मायने उकळून थंड केलेल्या पाण्याचा बोळा त्यावर धरला होता, आणि तो कोपरा अलगद सुटला होता. चौथीतल्या मुलीने यावरून जे ताडले ते आम्हा मोठ्यांच्या डोक्यात आले नव्हते.

त्या दिवशी दवाखान्यात दुसऱ्या एक वयस्क परिचारिका होत्या. मी चाचरत मुलीचे म्हणणे त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मुलीकडे पाहिले. सलाईनची बाटली काढली, हाताखाली पसरट भांडे ठेवले आणि पट्टीवर धार धरली. थांबल्या. पुन्हा धार धरली. मग पट्टीचे सुटे टोक मुलीच्या डाव्या हातात दिले आणि म्हणाल्या, "तूच काढ. दुखलं की थांब." ती एक वेढा सोडी, थांबे, दात आवळी, पुन्हा सोडी. मी बाराचा पाढा म्हणू लागलो, तर म्हणाली, "गुप राहा ना जी, मी मोजून राहिली." शेवटच्या थराशी ती रडली, पण हात मागे घेतला नाही, आणि कुणी तिला धरलेही नव्हते.

या सगळ्याला पाऊण तास लागला. कामठ्याची गाडी निघून गेली होती आणि पुढची संध्याकाळी होती. आम्ही तिघे स्टँडवरच्या निंबाखाली फुटाणे खात बसलो, आणि ती नवी पट्टी वाऱ्याला लागू नये म्हणून मायच्या पदराखाली धरून बसली होती.